पेटीची कडी खालून उघडते

कूलर हे यंत्र आहे की फर्निचर, हे पस्तीस वर्षं कूलर बनवून, विकून आणि भाड्यानं देऊनही मला नक्की सांगता येणार नाही. चार महिने ते यंत्र असतं. उरलेले आठ महिने ते खोलीत नुसतं उभं असतं, आणि आमच्या रायपूरच्या घरांत उभं असलेलं काहीही रिकामं ठेवायची पद्धत नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणीतरी निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. बँकवाले झाले, रेल्वेवाले तर दोन झाले. यंदा पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, अहो, मी नोकरी केली नाही आणि मला कोणी निवृत्तही केलं नाही. लोकांनी एसी घेतले आणि मी घरी बसलो, एवढंच. ते म्हणाले, तेच लिहा. आता लिहायला बसलो तर सगळा धंदा बाजूला राहतो आणि एकच कूलर डोळ्यांसमोर येतो. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहितो. त्यात नेमकी चूक कोणाची, हे वाचणाऱ्याला कळलं तर मलाही कळवावं.

आधी धंदा समजून घ्या. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. पुढे विक्री, मागे पत्रा कापायची जागा. कूलर म्हणजे पत्र्याचं मोठं खोकं. तीन बाजूंना जाळी, जाळीत लाकडाच्या बारीक सालींची गादी, तिला आम्ही घास म्हणतो. खाली टाकीत पाणी, ते पंपानं वर चढतं आणि घासावरून झिरपतं. पुढचा पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या घासातून ओढतो आणि थंड करून खोलीत फेकतो. म्हणून कूलर खिडकीत लावायचा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवायचं. हवा आत आली तर ती बाहेरही जायला पाहिजे. एवढीच विद्या. पण दार उघडं ठेवून खोली थंड होते, हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

पुरानी बस्तीत दोन भाऊ होते. घर वाटून घेतलं, मधोमध भिंत घातली आणि माझ्याकडे आले, दोन तोंडांचा एकच कूलर पाहिजे म्हणून. मी सांगितलं, जमत नाही. ते म्हणाले, तुम्ही बनवा तर. मी बनवला. भिंत फोडून बसवला. दोघांच्याही खोलीत नुसती दमट वाफ. दोघंही रोज दुकानात येऊन तक्रार करायचे, आधी वेगवेगळे, मग एकत्र. जूनपर्यंत ते एकमेकांशी चांगले बोलायला लागले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. हे यश मानायचं की अपयश, मी अजून ठरवलेलं नाही.

होळी झाली की सर्व्हिसिंगची कामं सुरू व्हायची. माझे मिस्त्री दुकालू माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, धमतरीकडचे, हाताला फार चांगले. आम्ही दोघं घरोघर जाऊन कूलर उघडायचो, आणि आत काय सापडेल याचा नेम नसायचा. गोधड्या आणि मुलांची जुनी पुस्तकं तर नेहमीचीच. एका घरी मांजर व्यालेली होती, पिल्लं डोळे उघडेपर्यंत मालकीणबाईंनी आम्हाला हात लावू दिला नाही. एका मास्तरांच्या कूलरमध्ये सासऱ्यांची कवळी सापडली. सासरे आधीच गेलेले. मास्तर ती हातात धरून म्हणाले, "बाबूजी हे शोधत होते." त्या दिवशी आम्ही चहा न घेताच निघालो.

हे सगळं पाहून मला वाटलं, लोक ठेवतातच, तर त्यांना नीट जागा करून द्यावी. म्हणून मी एक कूलर बनवला, त्याच्या टाकीखाली वेगळी पत्र्याची पेटी. कूलर चालू असला तरी पेटी कोरडी. झडप भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे मुलं उघडणार नाहीत. आणि कडी झडपेच्या ओठाखाली लपवलेली, म्हणजे पाणी गळलं तरी गंजणार नाही. वरून पाहिलं तर तिथे काही उघडतं असं वाटतच नाही. खालून बोट घालून कडी वर उचलायची. दुकालूंनी पाहून मान डोलावली. "बने हे भैया," म्हणाले, "फेर लेही कोन?" चांगला आहे, पण घेणार कोण? कोणी घेतला नाही. लोकांना पेटी दाखवावी लागायची, आणि दाखवलेल्या जागेत कोणाला काही ठेवायचं नसतं. मग तो माझ्याच घरी आला.

माझी बायको सुनंदा नागपूरची. तिला तो कूलर फार आवडला. आमच्या भाड्याच्या घरात वाळवी होती, लाकडी कपाटातला लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला होता. पत्र्याला वाळवी लागत नाही. सुनंदानं पेटीत काय काय ठेवलं ते मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, दिवाळीच्या पणत्या असतील.

मग छत्तीसगढ हे नवं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. ज्यांनी तो पहिला उन्हाळा पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. भोपाळहून खाती येत होती, पण त्यांना ठेवायचं कुठे हे कोणाला माहीत नव्हतं. वसतिगृहात एक खातं, बंद पडलेल्या बंगल्यात दुसरं, अमुक भवनाच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून तिसरं. सकाळी ज्या दारावर एक पाटी, संध्याकाळी त्यावर दुसरी. अधिकारी भोपाळचे, त्यांना रायपूरच्या उन्हाची कल्पना नाही. कोणालाही विचारा, सगळे म्हणायचे, अजून ठरायचं आहे.

होळीनंतर एका नव्या संचालनालयानं माझ्याकडून हंगामापुरते चाळीस कूलर मागितले. माझ्याकडे एकोणचाळीस होते. मी तिथल्या बाबूला म्हटलं, एक आठ दिवसांनी देतो. तो म्हणाला, "आदेश में चालीस लिखा है, तो चालीस." सुनंदा तेव्हा नागपूरला होती. आमची एकुलती एक मुलगी मंजिरी अकरावी-बारावीला तिथे मामाकडे शिकत होती आणि तिची परीक्षा चालू होती. घरी मी एकटा. रात्री गच्चीवर झोपायचो. मी विचार केला, घरचा कूलर नुसताच उभा आहे. दुकालूंना बोलावलं, दोघांनी उचलून टेम्पोत घातला. पाठीवर रंगानं चाळीस आकडा टाकला आणि पाठवून दिला.

एप्रिलमध्ये सुनंदा आणि मंजिरी आल्या. रिकामी खिडकी पाहून सुनंदा म्हणाली, "अहो, कूलर कुठं गेला?"

"ऑफिसात दिला. उद्या दुसरा लावून देतो."

"पेटीतलं काढून घेतलं न तुमी?"

"हो, हो."

हा तो "हो." हंगामात मी सगळ्यांना हो म्हणायचो. पंप आज बदलतो? हो. घास उद्या आणतो? हो. त्या चार महिन्यांत माझ्या तोंडातून नाही निघतच नसे. मला वाटलं, पणत्या तर आहेत, जून महिन्यात कूलर परत आला की काढू. मी खोटं बोललो असं मला वाटलंही नाही. आजही मी त्याला पूर्ण खोटं म्हणणार नाही, पण सुनंदासमोर हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. मंजिरीचा नंबर चांगला आला. रायपूरच्या सरकारी कॉलेजात सीट मिळेल असा. फक्त एक करायचं होतं, या राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला काढायचा. आम्हाला वाटलं, यात काय आहे? आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलं म्हणतात. माझा, माझ्या वडिलांचा, आजोबांचा जन्म पुरानी बस्तीतला.

कचेरीतल्या बाबूनं कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बच्ची का जन्म नागपूर. बारहवीं नागपूर. सरनेम मराठी. आप लोग तो महाराष्ट्र के हुए न?"

आता याला काय सांगणार? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची पद्धत. सुनंदाचं माहेर नागपूर, म्हणून मंजिरी नागपूरला जन्मली. सव्वा महिन्याची होऊन रायपूरला आली. दहावीपर्यंत इथेच शिकली, मराठी आम्ही बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, अशी वाढली. मी हे सगळं सांगितलं. बाबू वाईट नव्हता. म्हणाला, "मैं मान लेता हूँ भैया. पर मेरे मानने से क्या होगा? दसवीं की मार्कशीट लाइए, स्कूल की टी.सी. लाइए, कोई पुराना कागज लाइए."

गंमत अशी, की नागपूरला गेलो की तिथले नातेवाईक आम्हाला "छत्तीसगढवाले आले" म्हणतात. आणि इथे हा माणूस म्हणतो महाराष्ट्रवाले. मी रस्ताभर विचार करत घरी आलो की आपण नेमके आहोत कुठले, आणि इतकी वर्षं हा प्रश्न आपल्याला पडला कसा नाही.

घरी सुनंदा म्हणाली, "त्यात काय, सगळं फायलीत हाय. मंजूची मार्कशीट, टी.सी.ची नक्कल, तुमच्या आजोबांचा शाळेचा दाखला. तुमी पेटीतून काढून ठेवलेली फाईल आणा न."

मी खरं सांगितलं. सुनंदा भांडली नाही, आणि त्यानं मी जास्त घाबरलो. मंजिरी म्हणाली, "बाबा, मेरी फाईल कूलर में थी? और कूलर सरकार के पास है?" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी आणि दुकालू, जिथे चाळीस कूलर पोचवले होते त्या बंगल्यात गेलो. तिथे दुसरंच खातं बसलं होतं. आमचं संचालनालय महिन्यापूर्वीच हललं होतं. जिथे हललं तिथे गेलो, तर त्याचे दोन तुकडे झाले होते. एक वसतिगृहात, एक मोतीबागेकडे. आठ दिवस आम्ही दोघं रायपूरभर कूलर गोळा करत फिरलो. एक कँटीनमध्ये कांद्यांखाली सापडला. एकावर झेरॉक्सचं मशीन ठेवलं होतं. एका साहेबांनी खिडक्या-दारं गच्च लावून कूलर चालवला होता, त्यांच्या फायली ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि साहेब मलाच म्हणाले, "आपका कूलर पानी फेंकता है." मी म्हटलं, साहेब, दार उघडा. ते म्हणाले, दार उघडं ठेवायची परवानगी नाही.

एकोणचाळीस कूलर मिळाले. चाळिसावा नाही. दहावीच्या मार्कशीटची दुसरी प्रत मागावी म्हटलं, तर भोपाळचे म्हणायचे रायपूरला विचारा, रायपूरचे म्हणायचे रेकॉर्ड भोपाळलाच आहे. टी.सी. देणारे हेडमास्तर उन्हाळी सुटीत बदलून गेलेले, शाळेची चावी कोणाकडे हे कोणाला ठाऊक नाही. कॉलेजच्या काउन्सेलिंगची तारीख जवळ येत होती. मंजिरी रोज संध्याकाळी दारात उभी राहून नुसती माझ्या हातांकडे पाहायची. तिची ती नजर मला अजून आठवते.

शेवटी एका शिपायानं सामानाची यादी दाखवली. प्रत्येक उपकेंद्राला एक टेबल, चार खुर्च्या आणि एक कूलर, समान वाटप. उघडलेलं उपकेंद्र तेव्हा एकच, मैनपाटचं, आणि आमचा चाळीस नंबर तिकडे गेला होता.

मैनपाट म्हणजे सरगुज्यातला डोंगर. तिथे मे महिन्यात लोक रजई पांघरतात. मी त्या शिपायाला विचारलं, "वहाँ कूलर किसलिए?" तो म्हणाला, "समान वितरण है न भैया." या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

काउन्सेलिंगला सहा दिवस होते. मी सुनंदाला म्हटलं, "परवा येतो वापस," आणि अंबिकापूरची बस धरली. पाऊस लागलेला. वाटेत पुलावर पाणी आलं म्हणून बस पाच तास उभी. अंबिकापूरहून जीप, ती घाटात चिखलात रुतली. आम्ही उतारूंनी ढकलली, पुन्हा रुतली. डोंगरावर पोचलो तेव्हा दोन दिवस उलटले होते. सगळीकडे ढग, माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि मी प्रत्येकाला विचारतोय, कूलर पाहिला का? लोक माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते, त्यात त्यांची चूक नाही.

उपकेंद्र महिनाभरातच उठून अंबिकापूरला गेलं होतं. ते ज्या घरात भाड्यानं होतं, ते घर तिथल्या तिबेटी निर्वासितांच्या वस्तीतल्या डोलमा नावाच्या बाईंचं. पस्तिशीच्या असतील. पुढच्या खोलीत चहा-मोमोचं लहानसं दुकान, मागे विणकाम. थंडीत त्या रायपूरला स्वेटर विकायला यायच्या.

"कूलर? है न," त्या म्हणाल्या. "जाते समय कोई साइन करने को तैयार नहीं था, तो यहीं छोड़ गए. अच्छी अलमारी है. चूहा नहीं घुसता."

आतल्या खोलीत भिंतीला लागून माझा कूलर उभा होता. घास काढून टाकलेली, आत रंगीबेरंगी स्वेटरांच्या घड्या. पाठीवर माझ्याच हातचा चाळीस. मी गुडघे टेकून बसलो, कूलर थोडा पुढे ओढला, झडपेच्या ओठाखाली बोट घातलं आणि कडी वर उचलली. फाईल आत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडीठक्क. शेजारी पणत्याही होत्या. मला रडू आलं. डोलमाबाई चकित. "इधर से भी खुलता है?" म्हणाल्या. दोन महिने त्यांनी तो वापरला होता आणि त्यांना पेटीचा पत्ता नव्हता.

त्यांनी मला एक स्वेटर घालायला दिला आणि खारट, लोणी घातलेला चहा दिला. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत होत्या आणि हसत होत्या.

"मुझे भी पूछते हैं," त्या म्हणाल्या. "कहाँ की हो? मैं बोलती हूँ, मैनपाट की. यहीं पैदा हुई. फिर पूछते हैं, नहीं नहीं, असली में कहाँ की?"

"मग तुमी काय सांगता?" मी मराठीतच विचारलं, थंडीनं हिंदी सुचत नव्हती. त्यांना कळलं.

"मैं बोलती हूँ, स्वेटर लेना है कि नहीं?"

कूलर न्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, तुमच्याकडे त्याचा उपयोग चांगला होतोय. पुढे त्या दर हिवाळ्यात माझ्या दुकानासमोरच स्वेटर मांडायच्या. माझा धंदा बंद असायचा तेव्हा त्यांचा चालू आणि त्यांचा बंद तेव्हा माझा. पण ते असो.

डोंगरावरचा फोन पावसात बंद होता. अंबिकापूरहून घरी लावला, कोणी उचलेना. वाटलं, देवळात गेल्या असतील. परतीच्या बसलाही वेळ लागला. चौथ्या दिवशी दुपारी फाईल छातीशी धरून घरी पोचलो तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाभी और बिटिया तो नागपूर गईं भैया. वहाँ के कॉलेज में आज आखिरी तारीख थी. आपका तो कुछ पता ही नहीं था."

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून नागपूरला मेव्हण्याकडे फोन लावला. मंजिरी आली.

"बेटा, फाईल भेटली."

"सच?" मग थोडं थांबून, "सूखी है?"

"कोरडीठक्क हाय. तुह्या पणजोबांचा दाखला बी हाय. ऐक." आणि मी बूथमध्ये उभा राहून तो वाचला. सुंदर वळणदार अक्षर, विद्यार्थ्याचं नाव, खाली रहिवास, पुरानी बस्ती, रायपूर. मंजिरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, यहाँ बारहवीं के कागज पर बी.एस्सी. में ऍडमिशन हो गया. अभी घंटा भर पहले."

"अस्सं."

"काउन्सेलिंग परसों है न?" ती म्हणाली. "आ जाऊँ?"

या प्रश्नाला एका अक्षराचं उत्तर होतं. ये. ते मला आलं नाही. माझ्या डोक्यात एकदम भलतंच सुरू झालं. तिथे प्रवेश झालाय, मेव्हण्यानं धावपळ केली असेल. इथे बाबूनं पुन्हा काही काढलं तर? पोरगी धावत येईल आणि हातात काहीच नाही, तर? आणि कोणास ठाऊक, तिला तिथेच राहायचं असेल आणि ती माझं मन राखायला विचारत असेल. शिवाय मी तीन महिन्यांपूर्वी एक "हो" म्हटलं होतं आणि त्याचं हे झालं होतं. म्हणून या वेळी मी सावधपणे म्हणालो, "पाह्य बेटा, तुले जसं वाटते तसं कर."

ती म्हणाली, "ठीक है बाबा."

सुनंदानं फोन घेतला. "जेवले का तुमी?" एवढंच विचारलं.

मंजिरी आली नाही. नागपूरला शिकली, पुढे एम.एस्सी. झाली, कॉलेजात शिकवायला लागली, लग्नही तिथलंच. तिचं काही वाईट झालं नाही, उलट चांगलंच झालं म्हणायचं. त्यामुळे मला नीट पश्चात्तापही करता येत नाही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, ती माझ्याजवळ येऊन सहज म्हणाली, "उस दिन आप बोल देते न, आ जा, तो मैं अगली गाड़ी से आ जाती."

मी म्हणालो, "मले वाटलं, तुलेच तिकडं राहाचं हाय."

"मुझे लगा, आपको ही नहीं चाहिए," ती म्हणाली, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून निघून गेली. मी पिवळे हात घेऊन तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, दोष कूलरचा, बाबूचा, नाही तर पुलावरच्या पाण्याचा. दोष माझ्या त्या एका वाक्याचा निघाला. की पुन्हा गोंधळ करतोय मी? सुनंदा म्हणते, विचार करू नका. पण तीसुद्धा त्या फाईलबद्दल कधी बोलत नाही.

पुढे कचेऱ्या नव्या रायपुरात गेल्या. तिथल्या इमारतींत खिडकी उघडायची सोयच नाही, सगळं एसी. भाड्याचे कूलर बंद झाले, मग विक्री. मी दुकान आवरलं. दुकालू गावी गेले.

आणि एका फेब्रुवारीत मंजिरीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. आवाजात तोच जुना अडखळणारा सूर. "बाबा, यहाँ डॉक्टर भी अच्छे हैं, अस्पताल भी पास में है. और वहाँ तो अप्रैल में इतनी गर्मी... सास बोल रही हैं जैसा ठीक लगे. मैं क्या करूँ? आ जा..."

"ये," मी म्हणालो.

तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं. मी पुन्हा म्हणालो, "ये. इथं ये. मी वाट पाहून राहिलो." आणि मग मला काय झालं माहीत नाही, मी फोनवर मोठ्यानं ओरडलो, "येच!" सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं, काही अपघात झाला.

फोन ठेवल्यावर मी दुकालूंना निरोप धाडला. ते दोन दिवसांनी आले, गुडघे दुखत होते तरी. एका ओळखीच्याच्या शेडमध्ये जागा मागितली आणि आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी एक कूलर बनवला. मोटर आवाज करणार नाही अशी, घास दुप्पट जाड, आणि टाकीखाली पेटी. "फेर पेटी?" दुकालू म्हणाले. मी म्हटलं, हव. त्यांनी कडी स्वतःच्या हातानं बसवली.

चैत्रात नात झाली. तिच्या जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थान रायपूर आहे आणि राहण्याचा पत्ता नागपूर. म्हणजे उद्या तिलाही कोणीतरी चष्म्यावरून पाहणार आणि विचारणार, तू नेमकी कुठली? मला उत्तर माहीत नाही. मला माझंच माहीत नाही.

मंजिरी म्हणते, "बाबा, ये वाला कागज अलमारी में रखना. कूलर में नहीं." मी तिला हो म्हटलं आहे. पण ते माझं हंगामातलं हो आहे, म्हणून खरं काय ते इथे छापून ठेवतो, नातीला मोठेपणी हा अंक सापडलाच तर.

बेटा, तुझा दाखला आणि तुझ्या खापरपणजोबांचा दाखला, दोन्ही एकाच पिशवीत आहेत. मागच्या खोलीतला कूलर थोडा पुढे ओढ. झडप भिंतीकडच्या बाजूला आहे. वरून पाहिलंस तर काही दिसणार नाही, घाबरू नकोस. कडी खालून उघडते. आणि कधीही यायचं असलं, तर विचारू नकोस. ये.